चौदा नंबरच्या जर्सीतले टाके

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय रफूकाम, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोळे ठिकाणावर नसल्याचाही जोडला आहे, त्याचं कारण पुढे येईल. याआधी मी लोकांना जे काही दिलं ते तोंडी होतं आणि त्यात शिव्याच जास्त होत्या.

१. दुकान आणि त्यामागची खोली माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला मिळावी. सुया, भिंग आणि उंच स्टूल दुकानाबरोबरच जातील. स्टुलाचा एक पाय आखूड आहे, त्याखालचा पुठ्ठा कोणी काढू नये.

२. माझा संग्रह, म्हणजे जुन्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या वस्तू: खेळाडूंनी सामन्यात घातलेल्या सतरा जर्सी, अकरा जोड बूट, तिकिटांचे तुकडे, सह्या केलेले चार चेंडू, पाडलेल्या स्टेडियममधली जमिनीची एक फळी आणि गुणफलकावरचं एक घड्याळ. मी जन्मात एकही सामना बघितला नाही. पहिली जर्सी मी घेतली ती तिच्या विणीवर भाळून, आणि मग सुटका झाली नाही. हे सगळं कॉलेजच्या व्यायामशाळेतल्या काचेच्या कपाटांना द्यावं. यातलं काहीही धुऊ नये, फाटलेलं शिवू नये. घामाचा डाग आणि फाटलेली जागा हाच त्या वस्तूचा पुरावा असतो, हा संग्राहकांचा पहिला नियम आहे.

माझे मोठे दीर या संग्रहाला आयुष्यभर घामट चिंध्या म्हणत आले. त्यांना ज्या चेंडूत हवा राहत नाही तो द्यावा.

३. चौदा नंबरची गडद निळी जर्सी आणि गुणफलकावरचं घड्याळ वरच्या देणगीतून वगळलं आहे. ही जर्सी ज्याची, त्याला प्रेक्षक शिडी म्हणत. एका दुपारच्या सामन्यात, तीन मिनिटं एक्केचाळीस सेकंद उरले असताना, तो मैदानात कोसळला. छाती मोकळी करायला डॉक्टरांनी जर्सी गळ्यापासून पोटापर्यंत कात्रीने कापली. तो उठला नाही.

दोन्ही वस्तू बऱ्याच हातांतून फिरत सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या. नियम मला पाठ होता. पण ती सरळ, स्वच्छ चीर टेबलावर पसरली आणि माझे हात शिवशिवायला लागले. खालच्या दुमडीतून धागे काढून मी अकरा दिवस टाके घातले. शेवटच्या दोन बोटं जागेला धागा पुरला नाही, तेव्हा डोक्यात जे थोडे काळे केस उरले होते त्यातला एक उपटून सुईत ओवला. काम इतकं बेमालूम झालं की चीर कुठे होती ते मलाच सापडेना. स्वतःचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता हँगरवरची जर्सी काखेत ओली झाली. मी छत बघितलं, नळ बघितला. ओल कोमट होती आणि तिला माणसाच्या घामाचा वास होता. शेजारच्या घड्याळाला वायरच नाही, तरी त्याचे आकडे लागले आणि तीन-एक्केचाळीसपासून उलटे चालू झाले. एका सेकंदावर आले आणि पुन्हा तीन-एक्केचाळीसवर गेले. शून्य येतच नाही. रोज चारला हे सुरू होतं आणि दिवे लागेपर्यंत चालतं. तेवढा वेळ मलाही बसल्या जागी धाप लागते.

धाकटीला बोलावून दाखवलं. हे काम ती माझ्याच हाताखाली शिकली. तिने जर्सीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

“ताई, उसव हे. आत्ताच्या आत्ता.”

“अकरा दिवसांचं काम आहे माझं.”

“अगं, तो पळतोय!”

“तुला असं काम जमत नाही म्हणून जळतेस,” मी म्हणाले. ती पायऱ्या उतरून गेली ती आजतागायत आलेली नाही. चूक माझी होती. कायद्याच्या कागदावर लिहिते आहे, म्हणजे मला शब्द फिरवता येणार नाही.

गेल्या वर्षी शिडीची बायको दुकानात आली. चारच्या सुमाराला तिने जर्सीवर तळवा ठेवला. मग म्हणाली, “दमलाय हो तो. आता बसू द्या ना त्याला.”

मी टाके उसवायला भिंग घेऊन बसले, पण तोवर ते दिसतील एवढे डोळे राहिले नव्हते. दुसरीकडे कापून भागत नाही. खांद्याशी जरासं कापून बघितलं, तर चार वाजता त्या कडेला रक्ताचा ठिपका उमटला. जी चीर मी बंद केली तीच उघडायला हवी.

४. म्हणून जर्सी आणि घड्याळ माझ्या धाकट्या बहिणीला. अट एकच, माझे टाके शोधून तिने उसवावेत.

सहीआधी जोडलेला मजकूर: साक्षीसाठी आलेल्या चष्मेवाल्यांनी आत्ता जर्सी हातात घेतली आणि म्हणाले, “अहो, पोटाशी एक पांढरा केस अडकलाय. ओढून काढू का?” मी नको म्हणाले. तो अडकलेला नाही, तो टाका आहे, आणि तिथून उलटं कसं सोडवायचं ते धाकटीलाच येतं. पण मी ओवला तो काळा होता. म्हणजे तो माझ्याबरोबर म्हातारा झाला. म्हणजे तो अजून माझाच आहे, आणि मी गेल्यावरही शिडीबरोबर या जर्सीत राहणार.

धाकटे, मी जायच्या आधी ये. राग धरून ये, बोलू नकोस, पण ये. मला भीती वाटते गं. मला बास्केटबॉल खेळता येत नाही.

सही: रफूवाली ताई
साक्षीदार: समोरचे चष्मेवाले, दाखला देणाऱ्या डॉक्टरीणबाई
स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: बारा मार्च, चारला पाच मिनिटं कमी