खांदेकऱ्यांचा दगड

मंगळवार, १४ ऑक्टोबर. बिशान.

यूअन गेला. स्कॉटलंडच्या डोंगरातल्या आपल्या वीस-पंचवीस घरांच्या गावाचा इतिहास तो लिहीत होता, आणि मी इथून, सिंगापुरातून, एकेक प्रकरण तपासून परत धाडत होतो. संस्कृत शिकलेल्या माणसाला पानाच्या समासात 'प्रमाण काय?' असं लिहायची खोड असते.

गावाबाहेर एक सपाट दगड आहे. दफनाला नेताना खांदेकरी शवपेटी तिथे टेकवतात, गेलेल्याची एखादी हसवणारी गोष्ट सांगतात आणि मगच पुढे निघतात. अशा कितीतरी गोष्टी त्याने लिहिल्या होत्या. प्रमाण काय? "माझी आजी," त्याने कळवलं. मी लिहिलं, "आजीबाईंना सादर प्रणाम, पण कागद दाखवा." त्याने मुकाट्याने सगळ्या गोष्टी गाळल्या. वर माझे आभार मानले.

आज त्याच्या मुलीचा मेल. "दगडाशी थांबलो. खांदेकरी शहरातून मागवलेले, सगळे गप्प उभे. गावात जुनं कुणी उरलं नाही. बाबांनी गाळलेल्या गोष्टी तुमच्याकडे असतील ना?"

नाहीत. दुरुस्त प्रत आली की आधीची मी पुसून टाकायचो. पाठभेद नकोत म्हणून. इतका नीटनेटका मूर्खपणा कुठे शिकलो मी?

बायको म्हणाली, "अहो, निदान यूअनचीच एखादी गंमत कळवा तिला. तुम्हाला तर ठाऊक असेल."

मघापासून आठवून पाहतोय. तो दगड तेवढा दिसतो. बारा वर्षांत मी त्याला स्वतःबद्दल एकदाही काही विचारलं नाही. विचारलं ते फक्त प्रमाण.