उशाखालच्या गोळ्या

८ नोव्हेंबर, शुक्रवार

रतनबाईचं तोंड बघायचं नाही. आता कधीच नाही.

गेल्या शनिवारी बाजारात तिला एकटीला सांगितलं होतं – आई गेल्यापासून झोप नाही, भाकरी थापताना रडू येतं, नगरच्या मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्या उशाखाली ठेवते. "कुनाला न्हाई सांगनार गं," म्हणाली. नाहीच सांगितलं कुणाला. देवाला सांगितलं! आज घरसभेत – दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमतो तिथे – डोळे मिटून, मोठ्यांदा – "हे दयाळू बापा, आमची बहीण रुपाली हिला त्या येड्यांच्या डाक्टरच्या तावडीतून सोडव. तिच्या उशाखालच्या गोळ्या तू बघतोस." काष्टीच्या चर्चच्या अख्ख्या मंडळीने आमेन म्हटलं.

गोळ्या कुठे ठेवते ते देवाला हिने सांगायला हवं होतं?

१० नोव्हेंबर, रविवार

चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी घरी बोलावलं. आवाज एकदम मऊ. "विश्वासात वाढलेल्या माणसाला खिन्नता धरत नाही, बाई. गोळ्या टाका, उपवास धरा." आणि संडे स्कूलचा वर्ग तूर्त दुसऱ्या कुणीतरी घ्यावा म्हणे. मुलांवर परिणाम होतो. इतकी वर्षं शिकवतेय, एकाही कार्ट्यावर काही परिणाम झालेला मला तरी दिसला नाही.

त्यांच्या बायकोने, पाळकीणबाईंनी, चहा ठेवला. हसल्या. त्या कायम हसतात – लग्नात, मयतीत, सारखंच. चीड येते त्या हसण्याची. "साहेबांचं ऐका," एवढंच म्हणाल्या.

११ नोव्हेंबर

गोळी घेतली. झोपले. देव काही बोलला नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

परवाची घरसभा आमच्याकडे. ज्याचं घर त्याची शेवटची प्रार्थना, ही आमच्या मंडळीची रीत. ठरलं तर मग. मीही रतनबाईसाठी प्रार्थना करणार.

तिच्या पुण्याच्या लेकाने, गोरक्षने, गेल्या नाताळात तिने पाठवलेला फराळाचा डबा न उघडता परत केला. मंडळीत सांगते, लेकाला सुट्टी मिळत नाही. डबा नेणारे आमचेच हे होते, टेम्पो घेऊन पुण्याला गेले होते तेव्हा. "हे दयाळू बापा, तो भरलेला डबा तू बघितलास." पाठ करून ठेवलंय. भांडी घासताना म्हणून बघितलं, छान वाटलं.

हे म्हणाले, "असली प्रार्थना देव ऐकत नसतो."

देवाने नाही ऐकली तरी चालेल. मंडळीने ऐकली म्हणजे झालं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी रतनबाई दारात. आत या म्हटलं नाही, तरी उंबऱ्याशी बसली.

"त्या डाक्टरचं नाव काय गं?"

"कशाला? आता त्यांच्यासाठी प्रार्थना करायची आहे?"

"मला जायाचंय." खाली बघत म्हणाली. "गोरक्षनं बोलनं टाकल्यापासून डोळ्याला डोळा लागत न्हाई."

"मग करा की प्रार्थना."

"लई केली." उठता उठता – "कुनाला बोलू नको."

"हे तुम्ही मला सांगताय?"

नाव दिलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. ती गेल्यावर बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत बरं वाटायचं थांबलं. त्याचाही राग तिच्यावरच.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

घर भरलं होतं. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "रुपालीबाई, प्रार्थना." सगळ्यांनी डोळे मिटले. रतनबाईने मिटले नाहीत. पदर मुठीत धरून माझ्याकडे बघत होती. पाठ केलेलं सगळं मला आठवत होतं.

म्हटलं – "हे दयाळू बापा, मी गोळ्या घेते. पुढेही घेणार आहे. त्यांनी झोप लागते. या खोलीतल्या दोन माणसांवर माझा राग आहे आणि तो इतक्यात जायचा नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. सोमवारी सकाळच्या एस.टी.ने मी नगरला डॉक्टरांकडे जाणार आहे. कुणाला यायचं असेल त्याने स्टँडवर यावं. आमेन."

आमेन कुणीच म्हटलं नाही. चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

स्टँडवर रतनबाई होती. माफ केलेलं नाही. खिडकीची जागा दिली, एवढंच. एस.टी. सुटता सुटता आणखी एक बाई धावत चढली आणि आमच्या मागे येऊन बसली. पाळकीणबाई. हसत नव्हत्या.