उलटी चेन

॥ श्री ॥
आखाडा, पाथरी
४ डिसेंबर २०२४

ती. उत्तराअक्कास,
धाकट्या अप्पारावचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत न्हाई आणि ही गोष्ट ओरडून सांगण्याजोगी न्हाई, म्हणून कागद घेतला. आखाड्याच्या घराभोवती हरभरा बरा हाय. हेमाची कंबर मधूनच धरते. दाजींचं पंपदुरुस्तीचं दुकान जोरात असेल.

अक्का, माझ्या कटरमागं कोणीतरी लागलंय. झाडं कापायचा हा कटर मी आणि सिद्धोधननं भागीत घेतला, तुला ठाऊकच हाय. मागं कालव्याकडच्या वाळल्या बाभळीला गेलो, तर दोरी ओढून ओढून खांदा गेला, मशीन चालू होईना. बघतो तर प्लगची टोपी निघालेली. म्हणलं, हादऱ्यानं निघाली असेल. पण काल कहरच झाला. इंजिन झकास, चेन फिरायलीय, आणि लाकूड काही कापंना, नुसता धूर! चेन उलटी बसवलेली होती.

चेन बसवणं आमा दोघांनाच येतं. आणि सिद्धोधनचं वागणं बदललंय. दिवाळीनंतर मी चिंचेची फांदी कापत होतो, तर ह्यानं काही कारण नसताना कटर माझ्या हातातून हिसकला, बटण बंद केलं आणि मलाच म्हणाला की अप्पा, जरा बसा. मी काय म्हातारा झालो? त्याला कटर एकट्याला पाहिजे, एवढं मला कळतं.

घरातही कोणाचं ध्यान न्हाई. परवा हेमानं गरम म्हणून चहा हातात दिला, तोंडाला लावला तर गारढोण.

दाजींना विचारून कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
अप्पा


॥ श्री ॥
गंगाखेड
९ डिसेंबर

चि. अप्पारावास,
उत्तराचे अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले की ते इंजिन फार भोळं असतं. ऑइल मिसळलेलं पेट्रोल, हवा आणि प्लगची ठिणगी मिळाली की चालणारच. हळू चालतं तेव्हा चेन जागीच थांबते. रेस दिली की आतल्या क्लचचे तुकडे बाहेर फेकले जातात, वाटीला धरतात आणि चेन धावते. तुझी चेन फिरत होती, म्हणजे इंजिनाचा काही दोष नाही.

चेन बसवायची रीतही सांगितली. आधी ब्रेक मोकळा करायचा, नट काढून झाकण उघडायचं, चेन मागच्या चकरीवर आणि पट्टीच्या खाचेत बसवायची. पट्टीच्या वरच्या अंगाला दातांची धार टोकाकडे हवी. मग ताण द्यायचा. चेन खाली लोंबता कामा नये, पण हातमोजा घालून ओढली तर सरकली पाहिजे. शेवटी हे म्हणाले की टोपी हादऱ्यानं निघते, पण चेन आपली आपण उलटी होत नाही.

म्हणजे हे कोणीतरी केलंय, हे तुझं खरं. तरी गावात सिद्धोधनचं नाव घेऊ नकोस. कटर बंद पडला तर त्याचीही चूल थंडावते; आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल? आणि एक विचारते, रागावू नकोस. चहा हातात आल्यावर तू लगेच प्यायलास ना?

उत्तराला उशीर लावू नकोस. वाट बघणारीचे केस पिकलेत.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥
आखाडा, पाथरी
१४ डिसेंबर

ती. अक्कास सा. न.

तुझं पत्र यायच्या आधीच मी बोलून बसलो. स्टँडसमोरच्या हॉटेलात चार माणसांत सिद्धोधनला म्हणलो की भागीदाराच्या पाठीत सुरा खुपसणाऱ्याची जात मला कळली. तो हातातला चहा तसाच ठेवून निघून गेला. खोटं असतं तर उलटून बोलला असता का न्हाई?

आणखी सांगतो. आदल्या दिवशी बांधावरून बघतो, तर विहिरीपाशी तो आणि हेमा हळू आवाजात बोलायलेत. मला बघितलं आणि गप. काय म्हणून विचारलं, तर हेमा म्हणली की मी त्यांच्या घरचं विचारत होते. तिची नजर मात्र खाली. आता घरच्या माणसाचाही भरवसा वाटंना झालाय.

चहा लगेच प्यायलो की, असलं काय विचारतीस! पुढल्या आठवड्यात मोठी चिंच पाडायची हाय. एकटाच जाणार. कोणाची गरज न्हाई मला.

तू तरी माझी हायस, तशीच ऱ्हा.

अप्पा


॥ श्री ॥
गंगाखेड
१७ डिसेंबर

चि. सौ. हेमास अ. उ. आ.

हे पत्र पाथरीला निघालेल्या सुमनबाईंच्या हाती देते आहे. अप्पाला दाखवू नकोस.

कटर तुमच्या कोठीत असतो आणि कोठीची किल्ली तुझ्याकडे. चेन कोणी उलटी केली ते मला उमगलं, पण का ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. आमचे वडील, बापू, शेवटी शेवटी घास हातात धरून तसेच थांबायचे. डोळे उघडे, पण माणूस तिथं नसायचा. अप्पाच्या गार चहावरून मला बापू आठवले आणि झोप उडाली. सिद्धोधननं कटर हिसकला तेव्हा काय झालं होतं? मी रागावलेली नाही. माझ्यापासून लपवू नकोस.

तुझी,
उत्तराअक्का


॥ श्री ॥
आखाडा
१८ डिसेंबर

ती. अक्कांना हेमाचा शि. सा. न.

पत्र वाचून रडू आवरलं न्हाई. चेन मीच उलटी केली. टोपीपण मीच काढली. नवा कटर आणला तेव्हा ह्यांनीच हौसेनं शिकवलं होतं की धार टोकाकडं पाहिजे, न्हाईतर चेन नुसती घासते. मी तेवढंच ध्यानात ठेवलं.

कटर हिसकला त्या दिवशी ह्यांचं बोट रेसवरच आवळलेलं, चेन धावायली, आणि हे कुठंच नव्हते. पट्टी फांदीतून सुटून मांडीकडं आली. सिद्धोधनभाऊंनी मधे हात घातला. सायलेन्सरनं त्यांचं मनगट भाजलं. ह्यांना त्यातलं काहीच आठवत न्हाई. मी दवाखान्याचं काढलं तर म्हणले की तू मला येडा ठरवायलीस. त्यात गावात कळलं तर लोक हसतील, ह्याची लय भीती. म्हणून भाऊंनी कोणाला सांगू नये असा शब्द मी घेतला. चेनचं त्यांना ठाऊकही न्हाई. हॉटेलात एवढं ऐकून घेतलं, पण शब्द मोडला न्हाई. त्यांची बायको सुकेशनी आता माझ्याकडं बघत न्हाई. तिचं चुकलं असं कसं म्हणू?

हे चिंचेला निघायच्या आत मी सगळं सांगणार हाय. दाजींना घेऊन लवकर या. आधार तुमचाच.

हेमा


॥ श्री ॥
आखाडा, पाथरी
२० जानेवारी २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तू आणि दाजी परत गेल्यापासून घर सुनं वाटतं. परभणीच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू हायेत. ही फिटचीच एक जात हाय, असं ते म्हणले. माणूस उभा ऱ्हातो आणि ध्यान जातं. मला कटर कायमचा बंद.

खरं सांगतो, हेमा बोलली तेव्हा मी ताटावरून उठलो होतो. बायको आणि भागीदार मिळून मला घरी बसवायलेत असंच वाटलं. मग सिद्धोधनच्या घरी गेलो, भांडायलाच. सुकेशनीनं दारातच मला त्याचं मनगट दाखवलं. कातडी अजून काळी हाय. कसं झालं म्हणून मी एकदाही विचारलं नव्हतं. तसाच मागं फिरलो.

घरात माफी मागून भागणार नव्हतं. त्याच हॉटेलात, त्याच माणसांत उभा ऱ्हायलो. माझ्या दुखण्याचं नाव घेतलं, सिद्धोधननं माझा पाय वाचवला हे सांगितलं, आणि मी बोललो ते नीचपणाचं होतं हेही. कोणी हसलं न्हाई. सिद्धोधन एवढंच म्हणाला की अप्पा, भाजलेलं भरलं, त्या दिवशीच्या शब्दाला वेळ लागंल. मी म्हणलो, लागू दे.

तो काल आला. कटर घेतला, चेनचा ताण बघितला आणि मला लांब बांधावर बसायला सांगितलं. बसलो. एवढ्या लांबून तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. चिंच निम्मी झाली असंल आणि आवाज एकदम थांबला. मला वाटलं, ह्याचा पाय गेला. चपला तिथंच टाकून पळालो. जाऊन बघतो तर तो पेट्रोल टाकायलाय. माझ्याकडं बघतच ऱ्हायला.

संध्याकाळी हेमाला विचारलं की मी कामावर असताना आवाज थांबला की तुला रोज अशीच भीती वाटायची का. ती भाकरी थापत होती. थापतच ऱ्हायली.

तुझा,
अप्पा