टाळ खाणारे स्पीकर

अंबड, सोमवार

प्रिय रेणूबाई,

आबाच्या अक्षरातलं पाकीट बघून दचकू नको. घरी सगळी ठणठणीत आहेत, म्हैस सुद्धा. हे पत्र मी लिहून राह्यलो हे घरात कोणालाच ठाऊक न्हाई. पोस्टात पण मीच टाकणार. तुझ्या भावाकडं, रामप्रसादकडं दिलं तर तो वाटेत उघडून वाचल, आन तुझ्या आईकडं दिलं तर ती पाकिटाला डिंक लावायच्या आधी तुला फोन करल. ह्या घरात कोणावर भरोसा ठेवावा असं राह्यलं न्हाई, असं मला परवापर्यंत वाटत होतं. सगळे एकमेकांत हळू आवाजात बोलायचे आन मी आलो की गप व्हायचे. काय शिजतंय ते एक दिवस बाहेर काढायचंच, असं मी ठरवलं होतं.

मागच्या महिन्यात त्या रविवारी तू कम्प्युटरवर आल्तीस. घरातली सगळी अंकुशनगरला कौसल्यामावशीच्या नातवाच्या बारशाला गेल्ती आन म्हशीसाठी मी एकटाच मागं राह्यल्तो. तू आधी माझ्या पाठीमागं कोण बसलंय का ते बघितलंस, मंग बोलायला लागलीस. बराच वेळ बोललीस. पण आवाज काही धड येत नव्हता. शेवटी तू डोळे पुसले, आन चित्र गेलं. मी म्हणलं, हैदराबादची लाईन तुटली असल. तवापासून तू कम्प्युटरवर आली न्हाईस. आईला मोबाईलवर फोन करतीस, रामप्रसादला करतीस, पण आबांना द्या असं एकदाही म्हणली न्हाईस. मी विचारलं न्हाई, पण माझं ध्यान असतं. म्हणून मी ठरवलं, दुसरं सगळं राहू दे, आधी ह्या कम्प्युटरच्या आवाजाचा बंदोबस्त करायचा. पुढच्या वेळी पोरगी बोलली तर तिचा शब्द न् शब्द आला पाहिजे.

पहिला संशय मला कम्प्युटरवरच होता. तो रामप्रसादनं त्याच्या हापिसातून आणलेला जुना डबा. त्याला जोडलेले दोन स्पीकर म्हंजी आंब्याच्या कोयी. तुला माहितीच आहे, माझी उभी हयात बियाण्याच्या कंपनीच्या प्लॉटावर गेली. कपाशीच्या फडात एक झाड वेगळ्या जातीचं निघालं तर ते मला बांधावरून दिसायचं. भेसळ उपटून टाकणं हाच माझा धंदा होता, आन त्या धंद्यात पहिली गोष्ट शिकवत्यात ती ही, की समोर दिसतंय त्यावर बिलकुल विश्वास ठेवायचा न्हाई. रामप्रसाद म्हणला, आबा, जालन्यात एक चांगला डॉक्टर आलाय, एकदा दाखवून येऊ. मी म्हणलं, स्पीकर खराब अन् डॉक्टर कशाला? त्याचं काही कमिशन असल तिथं. पोटचं पोरगं आहे म्हणून काय झालं, जग लई बदललंय.

मंग मी एकटाच एसटीनं जालन्याला गेलो. कंडक्टर बाई होती, तिकीट देताना तोंडातल्या तोंडात काय पुटपुटली देव जाणे. मी जालना म्हणलो, ती परत पुटपुटली, मी परत जालना म्हणलो, तर मागचे लोक हसायला लागले. नवीन जालन्यात स्टेशनाकडच्या बाजूला राजानंदचं दुकान आहे, कम्प्युटरच्या सामानाचं. माणूस गोडबोल्या. गोडबोल्या दुकानदार दिसला की माझा हात आपसूक खिशावर जातो. त्यानं आधी एक काळा मोठा डबा काढला, जमिनीवर ठेवायचा, आन संगं दोन पिल्लं. चालू केला तर छातीत धुम धुम व्हायला लागलं. मी म्हणलं, बाबा, मला वरातीत नाचायचं न्हाई, मला माणसाचा आवाज ऐकायचा आहे. त्यो ढोलवाला डबा नको. तवा त्यानं लाकडी जोडी काढली. एका पेटीत दोन तोंडं, खालचं मोठं जाड्या आवाजाला, वरचं टिचभर बारीक आवाजाला. ही गोष्ट माझ्या मनाला पटली.

पण माल तपासल्याशिवाय घेणारा मी न्हाई. म्हणलं, भजन लाव. भजनात सगळं असतं, पखवाज, पेटी, गाणारा, टाळ. लावलं त्यानं. पखवाज कसा, दणकन पोटात शिरला. बुवांचा आवाज पण बराबर. पण टाळच न्हाईत! आरं म्हणलं, टाळ कुठं गेले? तो म्हणला, काका, वाजून राह्यलेत की. मी म्हणलं, मला येडा समजतोस का, लहानपणी बापासंगं मेंढरं वळली मी, आंधारात नुस्त्या गळ्यातल्या घाटीच्या आवाजावर कोणती मेंढी कोणीकडं गेली ते सांगायचो, आन मला टाळ ऐकू येईनात? हे स्पीकर टाळ खात्यात! दुसरी जोडी लाव. दुसरीनं पण खाल्ले. तिसरीनं पण. दुकानातले दोघंतिघं गिऱ्हाईक आपलं काम सोडून माझ्याकडं बघायला लागले. मंग मीच विचार केला, गाणंच खराब भरलेलं असल. शेवटी लाकडी जोडी घेतली, कारण ती जड होती. आत लोहचुंबक मोठा असल्याबिगर पेटी जड होत न्हाई, आन वजनात खोट करायला दुकानदाराला पण जड जातं. राजानंदनं पाय धरले तरी मी दुसरं काही घेतलं न्हाई. बिनवायरीचे घ्या म्हणत होता. मी म्हणलं, वायर दिसली पाहिजे. जी गोष्ट दिसत न्हाई तिच्यात काय मिसळलंय ते कसं कळायचं?

जोडायला तुझी वहिनी आकांक्षा बसली. पोरगी हुशार आहे, पण मला वाटायचं ती मुद्दाम हळू बोलती. कागद वाचून दाखवत होती, मला एक अक्षर कळंना. मी म्हणलं सरक, अन् पिन घेऊन मागच्या गुलाबी भोकात घातली. आवाज बंद! झालं, मी राजानंदच्या नावानं बोंब मारली, चोरानं मेलेला माल दिला म्हणून. आकांक्षानं पिन काढली अन् हिरव्या भोकात घातली. गुलाबी म्हणे बोलायच्या माईकचं, हिरवं ऐकायचं. तरी आवाज न्हाई. तिनं कम्प्युटरच्या आत जाऊन बघितलं तर आवाज भलतीकडंच, पडद्याला पाठवून दिलेला. तो वळवून स्पीकरकडं आणला. मंग दोन्ही पेट्या भिंतीपासून वीतभर पुढं ओढल्या, कानाच्या उंचीला आणल्या, तोंडं माझ्याकडं केली. मी मधोमध बसलो, लग्नातल्या नवरदेवासारखा. बातम्या लावल्या. बाप्या बातम्या देत होता, अक्षर न् अक्षर खणखणीत. मी म्हणलं, वा रे वा, फिटलं काम. तेवढ्यात बातम्या द्यायला बाई आली आन पुन्हा तेच, नुस्ती पुटपुट.

आता मला सांग, संशय येणार न्हाई तर काय? बाप्ये बोलले की आवाज येतो आन बाया बोलल्या की जातो, म्हंजी ह्यात कोणत्या तरी बाईचा हात असणार. मी आवाजाच्या बटणावर खडूनं खूण करून ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर बटण खुणेच्या खाली! तुझ्या आईला रंगेहात पकडली. ती कमरेवर हात ठेवून मोठ्यानं म्हणली, इतक्या मोठ्यानं की हे मात्र मला चांगलं ऐकू आलं, की सगळ्या गल्लीला बातम्या ऐकवायचा ठेका घेतला का तुम्ही? शेजारचा अप्पाराव पण आला, म्हणला, आबाराव, तुमच्या त्या डब्याच्या आवाजानं माझी म्हैस पान्हा चोरायला लागली. मी त्याला चहा पाजला आन मनात म्हणलं, जळ लेका, तुझ्या घरी न्हाईत ना असले स्पीकर.

मंग माझा संशय त्या वरच्या टिचभर तोंडावर गेला. बियाणाच्या पुड्यावर चांगल्या जातीचं चित्र आन आत भलतंच, असं मी लई बघितलंय. म्हणलं, हे नुस्तं जाळी लावलेलं सोंग असल, आत काही नसल. घरी कोणी नव्हतं तवा चार आट्या, म्हंजी स्क्रू, सोडल्या आन बघितलं. होतं गं. आत वायर होती, चुंबक होता, सगळं खरं होतं. आट्या परत पिळून टाकल्या.

बी उगवंना म्हणून तक्रार आली की आमची एक पद्धत होती. शेतकऱ्यासंगं भांडायचं न्हाई, कंपनीला पण शिव्या द्यायच्या न्हाईत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी माती, मंग पाणी, मंग बी. आन शेजारी एक वाफा असा ठेवायचा की ज्याची खात्री आहे. तसंच केलं. वायर बदलली. पेट्या बैठकीतून माजघरात नेल्या. रामप्रसादचा लॅपटॉप आला तवा त्याला जोडून बघितल्या. मंग तू दिवाळीत आईच्या मोबाईलवर आवाज भरून पाठवलेला, तो आकांक्षाकडून कम्प्युटरात घेतला आन लावला. तुझी आई मागच्या दारात, माझ्याकडं पाठ करून जवारी पाखडत होती. ती माझा खात्रीचा वाफा. मी दोन पेट्यांच्या मधोमध. तुझा आवाज आला, म्हंजी आवाजाचं नुस्तं भुस्कट आलं, आ, ओ, आ. त्यात एक पण दाणा न्हाई. आन तुझी आई तिकडं सूप खाली ठेवून हसायला लागली. मी तिला समोर बोलावलं, म्हणलं, काय म्हणली रेणू, सांग. तिनं तोंड माझ्याकडं करून सगळं सांगितलं, की अनारसे तुपात विरघळले, जावईबापूंनी ते चमच्यानं खाल्ले, आन आबांना सांगू नको, ते लई हसतील. मंग तिनंच विचारलं, तुमाला आलं न्हाई का ऐकू? मी म्हणलं, आलं की, तुझी परीक्षा घेऊन राह्यल्तो.

माती बदलली, पाणी बदललं, बी बदललं. एकच गोष्ट बदलायची राह्यली होती, आन ती माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूला आहे. रेणूबाई, मला लई राग आला. स्पीकरचा, राजानंदचा, त्या डॉक्टरचं नाव घेणाऱ्या रामप्रसादचा. मंग भीती वाटली. मोठ्या माणसानं लेकीला असं लिहू नये, पण वाटली. लोक हळू बोलत नव्हते, कोणी काही लपवत नव्हतं, कोणी काही शिजवत नव्हतं. बिचारी आकांक्षा मला कागद वाचून दाखवायची आन मी तिच्यावर डोळे वटारायचो. उद्या मी रामप्रसादसंगं जालन्याला जाणार. कानात यंत्र घाला म्हणले तर घालीन, गावानं हसायचं तेवढं हसू दे.

पण त्याच्या आधी तुला हे लिहायचं होतं. त्या रविवारी लाईन तुटली न्हाई. तुझा हात पुढं आलेला मला दिसल्ता, तू स्वतःच बंद केलंस. तू बोलत होतीस तवा मी नुस्ता मान हालवत होतो. मला वाटलं, नवीन घराचं सांगून राह्यली असल, न्हाई तर नोकरीचं. दोनदा विचारावं वाटलं, पण बाप बहिरा झाला असं तुला वाटू नये म्हणून विचारलं न्हाई. मंग तू थांबलीस आन माझ्याकडं बघत राह्यलीस, मी काहीतरी बोलावं म्हणून. आन मी हसून म्हणलो, लई चांगलं झालं बाई, देवाची कृपा. कशाला चांगलं म्हणलो ते मला आजपर्यंत ठाऊक न्हाई. तू डोळे पुसले ते आनंदानं, अशी मी एवढे दिवस मनाची समजूत घालत होतो. आता घालवत न्हाई. तर त्या दिवशी जे बोललीस ते सगळं कागदावर लिहून पाठव. मोबाईलवर लिहू नको, तो घरात सगळ्यांच्या हातात असतो. पाकिटावर फक्त माझं नाव टाक. अक्षर मोठं काढू नको, डोळे चांगले आहेत. वाईट असलं तर वाईटच लिही, आन यायला पाहिजे असल तर तेवढं एक लिही, म्हशीची धार अप्पाराव काढल. आन माझं ते 'लई चांगलं झालं' परत घेतलं. तुझ्या बापानं तुला अजून काहीच उत्तर दिलेलं न्हाई, असं धरून चाल.

तुझाच,
आबा