ऑर्न नदीतले सॅमन कुठे गेले

१ ऑगस्ट, सकाळी ७
निश्चय. या मोसमात सॅमन धरणारच. मोसम तीस सप्टेंबरला संपतो. दोन महिने, वजा रविवार (रविवारी सॅमनच्या वाटेला जायचं नाही, कायदा आहे). भरपूर झाले.

औषधांचं दुकान विकल्यापासून एकोणीस मोसम झाले, एकही मिळालेला नाही. यात माझा दोष नाही. ऑर्न नदीत सॅमन उरलेलेच नाहीत. पुरावा: डुगल मॅक्रेलाही मिळत नाही. तो रोज माझ्याबरोबर असतो, समोरच्या काठावर. पहिल्या वर्षी त्याला एक लागला होता, तो अपघात. त्यानंतर दोघांचे मिळून शून्य. दोन जाणकार माणसं एकाच वेळी चुकत नसतात.

नदीत मासा नाही आणि तरी धरायचा. कौशल्य यालाच म्हणतात.

४ ऑगस्ट
पाणी उत्तम. वारा पश्चिमेचा. चिलटं बेसुमार. सकाळी आठ ते दुपारी चार, मधला डोह. एक ट्राउट, वीतभर. सोडून दिला.

चारला घरी, कारण बायको, एफी, चहासाठी थांबते. डुगल नेहमीप्रमाणे मागे राहिला. त्याला गळाच्या दोरीचं रीळ गुंडाळायला फार वेळ लागतो. कधीकधी दीड तास. बायको मायरी वारल्यापासून हात मंदावलेत बिचाऱ्याचे.

९ ऑगस्ट
आमच्या मासेमारी क्लबला यंदा शंभर वर्षं. २३ सप्टेंबरला जेवण. भाषणासाठी माझं नाव सुचवलं गेलं. (मी सुचवलं.) विषय जाहीर केला: 'ऑर्न नदीतले सॅमन कुठे गेले'. अध्यक्षा बेथिया स्ट्रॅकन डुगलकडे बघत राहिली, डुगल छताकडे. बेथिया नर्स होती, अर्ध्या गावाला तिने सुया टोचल्यात. म्हणाली, "टॉर्किल, त्यापेक्षा ट्राउटवर बोल ना. ट्राउटवर तू फार गोड बोलतोस."

ही बाई मला पाण्यात पाहते.

१२ ऑगस्ट
एफीने सॅमन भाजला. इनव्हर्नेसच्या दुकानातला म्हणाली. पहिल्याच घासाला ओळखलं: पिंजऱ्यात पाळलेला. मांस लिबलिबीत. ज्याने समुद्र पाहिला त्या माशाची चवच निराळी. तीस वर्षं औषधं विकली, जीभ तयार आहे. तसं सांगितलं. एफी म्हणाली, "तुझ्यासारखी जीभ गावात कुणाची नाही."

दुसरा तुकडा घेतला, वाया जाऊ नये म्हणून. तिसराही.

१८ ऑगस्ट
भाषणाचा पहिला भाग पूर्ण. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, वासावरून आपली नदी ओळखून परत येतो. नदीत शिरला की अन्न वर्ज्य. मग पिसांची खोटी माशी तोंडात का धरतो? विद्वानांत मतभेद. माझं मत: चिडून. म्हणजे त्याला चिडवता आलं पाहिजे. डुगलला वाचून दाखवलं. म्हणाला, "चिडवण्यात तुझा हात कोण धरणार!" मोठ्या मनाचा माणूस.

२० ऑगस्ट, रविवार
चर्च. पाद्रीबाबांच्या बाहीवर माशाचा खवला. निदर्शनास आणून दिला. घाईघाईने झटकत म्हणाले, हेरिंगचा. हेरिंग ही वीतभर मासळी, खवला बराच मोठा होता. हेरिंग मोठी असणार.

सॅमनच्या खवल्यावर झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं असतात, त्यावरून वय कळतं. त्यासाठी मी सूक्ष्मदर्शक घेऊन ठेवला आहे. खवला तेवढा मिळायचा आहे.

२२ ऑगस्ट
भाषणाला आकडे हवेत. कुणी, कधी, केवढा मासा धरला याची क्लबची नोंदवही डुगलकडे असते, तो चिटणीस. मागितली. म्हणाला, ओल आलीय, वाळत घातलीय.

२९ ऑगस्ट
पुन्हा मागितली. म्हणाला, बांधणीला दिलीय.

५ सप्टेंबर
आता म्हणतो उंदरांनी कुरतडली. कुठल्या वर्षांची पानं, असं विचारलं. बराच विचार करून म्हणाला, "नेमकी शेवटची एकोणीस." चिटणीस म्हणून अगदीच गलथान. पण मित्र आहे. माफ केलं.

११ सप्टेंबर, दुपारी ३
डुगल दाढ काढायला डिंगवॉलला गेलाय. माझं हातजाळं त्याच्या शेडमध्ये राहिलं होतं, आणायला गेलो. फळीवर नोंदवही. कोरडी ठणठणीत. बांधणी जुनीच. उंदराचा दातसुद्धा लागलेला नाही.

उघडली.

डी. मॅक्रे, मधला डोह, दुपारी ४.४०, अकरा पौंड. डी. मॅक्रे, मधला डोह, ४.२५, आठ पौंड. डी. मॅक्रे, मधला डोह, ५.१०. पानं उलटत गेलो. एकोणीस वर्षांत त्रेचाळीस. पहिल्या वर्षीचा तो एक सोडला तर सगळे चारनंतर.

बेथिया स्ट्रॅकन: सहा. पाद्रीबाबा: चौदा.

११ ऑगस्ट, डी. मॅक्रे, सात पौंड. शेरा: 'एफीला दिला.'

माझं नाव कुठेच नाही. मागून पुढे पुन्हा पाहिलं. नाही.

११ सप्टेंबर, संध्याकाळी ६
एफीला जाब विचारला. बटाटे सोलत होती, सोलत राहिली. म्हणाली, "कधीतरी कळणारच होतं." कुणाकुणाला माहीत होतं, विचारलं. म्हणाली, "कुणाला नव्हतं ते विचार, लवकर संपेल."

एकोणीस वर्षं! रोज तो माणूस माझ्या तोंडावर मान हलवत म्हणायचा, "खरंय रे टॉर्किल, नदी मेली." आणि माझी पाठ वळली की गळ टाकायचा. माझ्याच बायकोने तो मासा मला वाढला आणि माझ्याच जिभेचं कौतुक केलं. पाठीत सुरा. एक नाही, गावाने मिळून.

निश्चय: डुगलशी मरेपर्यंत बोलणार नाही.

१३ सप्टेंबर
डुगल दारात आला. एफीने सांगितलं, टॉर्किल घरी नाही. तिच्या आवाजात पुरेसा ठामपणा नव्हता, म्हणून मी वरच्या खिडकीतून ओरडून सांगितलं, घरी नाही.

गेला. गाल सुजलेला होता.

१६ सप्टेंबर
एकटाच नदीवर. सोबतीची गरज नाही. समोरचा काठ रिकामा. मासा नाही. दुपारी डबा उघडला: ओटची बिस्किटं. चीज डुगल आणतो. कोरडीच खाल्ली. घशात अडकली, तेव्हा पाठीत धपका घालायला कोणी नव्हतं. स्वतःच खोकलो.

१९ सप्टेंबर
भाषण फाडलं. नवं लिहिलं. शीर्षक: 'विश्वासघाताची एकोणीस वर्षं'. नावं, तारखा, वजनं, सगळं. पाद्रीबाबांचा खवलासुद्धा. आरशासमोर म्हणून पाहिलं. शेवटाला आवाज फाटतो, ते परिणामकारक वाटतं.

२३ सप्टेंबर
जेवण. सगळा क्लब हजर. नाव पुकारलं. उभा राहिलो, कागद उघडले. पहिलं वाक्य होतं, 'मित्रहो, हा शब्द मी शेवटचा वापरतो आहे.' तेवढ्यात डुगल दिसला. दाराजवळच्या टेबलावर, एकटा. ताट जसंच्या तसं. कोट घालूनच बसला होता, लगेच उठून जाता यावं म्हणून असेल.

मी ट्राउटवर बोललो. चाळीस मिनिटं. एकाच आईची पिल्लं, एक जन्मभर नदीत राहतं, दुसरं समुद्रावर जाऊन चंदेरी होऊन येतं, आणि लोक त्यांना दोन जातींचे मासे समजतात, वगैरे. टाळ्या. बेथियाने उठून मिठी मारली.

धैर्य कमी पडलं असं नाही. विषय ऐनवेळी बदलावासा वाटला.

२५ सप्टेंबर
डुगल आला. मी आत घेतलं नाही, एफीने घेतलं. स्वयंपाकघरात बसला, टोपी गुडघ्यावर.

मी म्हणालो, बोल. (ठरावाचा भंग नाही. एकच शब्द.)

म्हणाला, "पहिल्या वर्षी मला तो एक लागला, तेव्हा तू तीन आठवडे नदीवर फिरकला नाहीस."

मी सांगितलं, मला सर्दी झाली होती.

म्हणाला, "सर्दी तर सर्दी. मायरीला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. घरी गेलं तर भिंती, नदीवर आलं तर समोरचा काठ मोकळा. ते तीन आठवडे मी कसे काढले ते मला ठाऊक. तेव्हाच ठरवलं, मासे लपवता येतील. तू यायला हवास."

एफी खिडकीबाहेर बघू लागली.

मी उठलो. चहा ओतला. तो दोन चमचे साखर घेतो. तीन घातली. राग होताच.

मग मी विचारलं, तुला लागतात तर मला का नाहीत? डुगलने एफीकडे पाहिलं. एफी म्हणाली, "सांगून टाक आता."

म्हणाला, "डोहाच्या मधोमध तो पांढरा दगड आहे ना, तू कमरेएवढ्या पाण्यात त्याला टेकून उभा राहतोस. सॅमन त्याच दगडाच्या आडोशाला विसावतात. तू दिवसभर त्यांच्या डोक्यावर उभा असतोस, टॉर्किल. ते उठतात आणि माझ्या काठाला येऊन बसतात. तू गेलास की मी गळ टाकतो."

म्हणजे एकोणीस वर्षं मी शिकारी नव्हतो. हाकाऱ्या होतो.

२७ सप्टेंबर
शांतपणे विचार केला. त्रेचाळीस मासे मी हाकले नसते तर त्याला मिळाले असते का? नाही. तेव्हा निम्मे माझे. साडेएकवीस. डुगलला फोन करून कळवलं. ताबडतोब मान्य केलं. अर्धा कुठला घेणार विचारत होता. शेपटीकडचा नको म्हणालो.

३० सप्टेंबर
शेवटचा दिवस. डुगलबरोबर गेलो. आज पाण्यात पाऊल टाकायचं नाही, काठावरून, त्याने दाखवल्याप्रमाणे. वाकून चाललो. सावली पाण्यावर पडू दिली नाही. माशी दगडाच्या वरच्या अंगाला टाकली, प्रवाहाबरोबर वळू दिली. डुगल शेजारी बसून म्हणाला, "झकास." आठ ते दोन झकास चाललं होतं. काही नाही. दोनला मी चीज खाल्लं. पुन्हा झकास. काही नाही.

तीनच्या सुमाराला डुगल उठून समोरच्या काठावर गेला. बराच वेळ चुळबुळ करत होता. मग तिकडून ओरडला, "टॉर्किल, राग मानू नकोस, पण जरा आत उतरतोस का?"

ऐकू आलं नाही असं दाखवलं. मग उतरलो.

पावणेचारला त्याला लागला. वीस मिनिटं खेळला. जाळं मी धरलं. मादी, नऊ पौंड, अंड्यांनी पोट भरलेलं, अंगावर तांबूस झाक. अशीला सोडावंच लागतं. डुगलने गळ काढला आणि म्हणाला, "तू धर."

तिचं तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांनी पाण्यात धरून राहिलो. कल्ले उघडत होते, मिटत होते. केवढी जड असते! हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. आधी नुसती पडून होती, मग हळूहळू हातात जोर कळायला लागला. एकदम गेली. तोंडभर पाणी उडवून गेली. मी मागच्या मागे बसलो. रबरी विजारीत गळ्यापर्यंत नदी.

चारची वेळ टळून गेली होती. घरी आलो तो दारातच एफीने विचारलं, "लागला?"

लागला म्हणालो.

कुणाला, ते तिने विचारलं नाही.