घाटात पाठीमागं उभा राहणारा

१२ जानेवारी १९६६, सातारा
पाचगणीची फेरी. पसरणी घाट चढताना काही नाही, उतरताना पुन्हा तेच. उजवा हात स्टिअरिंगवर थरथरतो. पावसाळ्यात धुक्यातून ट्रक अंगावर आला, आमची गाडी कठड्याला घासून थांबली, तेव्हापासून हे. कुणाला खरचटलंही नव्हतं. शंकर, माझा कंडक्टर, तिकिटं आटपून पाठीमागं येऊन उभा राहिला. वाई येईपर्यंत कुस्त्यांच्या गोष्टी सांगत होता. त्याचा आवाज कानावर असला की हात जाग्यावर राहतो.

२० जाने.
जेवण शंकरबरोबर. नोकरीला लागलो तेव्हा आम्ही बौद्ध म्हणून डेपोत माझ्याजवळ कोणी डबा उघडत नसे. यानं पहिल्याच दिवशी माझ्या डब्यातलं कालवण ओढून घेतलं. त्याबद्दल कधी बोललाही नाही. आज विचारलं, मॅनेजरसाहेबांना हाताचं सांगू का? म्हणाला, "मी हाय न्हवं? गाडीवरनं उतरवतील तुला."
साहेबांकडं गेलो नाही.

६ फेब्रु., सांगली
शंकरच्या वडलांना अर्धांगवायू. सुटी काढून त्याच्याबरोबर बघायला आलो. म्हातारा खाटेवर, वाचा गेलेली. वहिनी एकटी उचलते, कूस बदलते. शंकर औषध आणायला गेला तेव्हा हळूच म्हणाली, "भावजी, सांगलीला बदली दोनदा मिळत हुती. ह्यांनीच नको म्हटलं. का, ते सांगत न्हाईत. तुमाला ठावं हाय का?"
नाही म्हणालो.

७ फेब्रु.
परतीच्या गाडीत विचारलं. म्हणाला, "मी गेलो तर घाटात तुझ्यामागं कोण उभं ऱ्हाणार, गड्या?"
ऐकून बरं वाटलं. लाज नंतर वाटली.

१४ फेब्रु.
साहेबांना सगळं सांगितलं. शंकरला विचारलं नाही. साहेब रागावले नाहीत. उद्यापासून वर्कशॉप. शंकरच्या बदलीसाठीही शब्द टाकला.
संध्याकाळी शंकर खोलीवर आला. बसला नाही. "एवढं दिस कुणाला कळू दिलं न्हाई. मला इचारायचं तरी हुतंस."
विचारलं असतं तर त्यानं जाऊ दिलं नसतं.

३ मार्च
वर्कशॉप. ग्रीस, पाने, आवाज. हात शांत आहे. शंकर दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर घाटात जातो. भेटला की मान हलवतो, डबा मात्र गाडीतच खातो. बदलीचा हुकूम अजून नाही.

११ मार्च
सांगलीहून निरोप. शंकरचे वडील सकाळी गेले. तेव्हा तो पाचगणीच्या फेरीवर. स्टँडवर गाडी लागेपर्यंत त्याला माहीत नव्हतं. मीच सांगितलं. त्यानं पैशांची पिशवी खांद्यावरून उतरवली आणि माझ्याच हातात दिली, हिशेब कर म्हणाला.
दोन महिने आधी तोंड उघडलं असतं तर…

१६ मार्च
बदलीचा हुकूम आला. सांगली.

२० मार्च, सांगली
दहाव्याला गेलो. जाऊ नये असंही वाटत होतं. पंगतीत वहिनीनं हाक मारून बसवलं. शंकरनं मुंडण केलेलं, वेगळाच दिसत होता. वाढताना माझ्या पानापाशी थांबला, भात वाढला, पुढं गेला. निघालो तर स्टँडपर्यंत आला. वाटेत म्हणालो, चुकलंच माझं. म्हणाला, "कुठलं? आधी गप बसलास ते, का नंतर बोललास ते?"
गाडी सुटेपर्यंत तो उभा होता.