स्वहस्ते तोडलेली फळं

१ सप्टेंबर, सकाळी

निर्णय झाला. दौऱ्यावर निघणार. फळबागांच्या. आपल्या हातानं फळं तोडायची, तिथंच खायची, उरलेली बरोबर न्यायची. आधी पीच, मग प्लम, मग सफरचंद. शेवटचा मुक्काम लेकीचं घर. दारात मी, हातात खोका. आमची ही दार उघडेल आणि तिच्या तोंडून शब्द फुटणार नाही. लग्न झाल्यापासून असं प्रथमच होईल.

ही लेकीकडे बाळंतपणासाठी गेली आहे. नात आता नर्सरीत जाते. म्हणजे बाळंतपण जरा लांबलं आहे. पण पहिल्या खेपेला लांबतं, असं ऐकून आहे.

कुणालाही काही सांगायचं नाही. सरप्राइज म्हणजे सरप्राइज.

संध्याकाळी

हिचा फोन. रविवारी येतोच. काय करताय म्हणाली. म्हटलं, श्वास घ्यायला फुरसत नाही. सकाळपासून मित्रांची ये-जा, पत्ते, चर्चा, चहावर चहा. प्रत्यक्षात मोजे शोधत होतो. पण हे धोरण आहे. माणूस रिकामा बसलाय असं कळलं की त्याचा भाव उतरतो. ही म्हणाली, "बरं आहे तुमचं." आवाजात कौतुक होतं. फोनमध्ये नीट कळत नाही, पण होतं.

३ सप्टेंबर

प्रवास बसनं. गाडी चालवणाऱ्याला निसर्ग दिसत नाही, हे मी ड्रायव्हिंग स्कूल चालवताना हजार वेळा सांगितलं आहे. लायसन्स रिन्यू न होण्याशी याचा काही संबंध नाही. त्या डोळ्यांच्या डॉक्टरचा तक्ताच पुसट होता. त्याला तसं सांगितलंसुद्धा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

ड्रायव्हरच्या मागची सीट धरली. पोरगा बरा होता, पण क्लचवर पाय ठेवून बसायची सवय. दोनदा शांतपणे सांगितलं. तिसऱ्यांदा वळणावर "ब्रेक!" असं जरा मोठ्यानं निघून गेलं. आयुष्य गेलंय त्यात. पुढच्या थांब्यावर त्यानं स्वतः येऊन सांगितलं की मागच्या सीट जास्त आरामाच्या आहेत. माझी बॅगही स्वतःच उचलून मागे ठेवली. कदर आहे अजून जगात.

मागून सगळी बस दिसते. जोडीजोडीनं बसली होती माणसं. मला दोन्ही सीट मिळाल्या.

४ सप्टेंबर

पीचची बाग. झाडं बुटकी, हाताला लागतील अशी. बागवाली बाई फाटकाशी टेबल टाकून बसलेली. नियम साधा: आत हवं तेवढं खा, बाहेर न्याल ते वजनावर. किती जण, म्हणाली. म्हटलं, एक. "बाकीचे मागून येतायत ना?" मी हो म्हटलं. उगाच बाईचा विरस कशाला करायचा. तिनं चार टोपल्या दिल्या. चारही घेऊन फिरलो. एकात एक घालून न्यायचं सुचायला अर्धी बाग संपली.

आत हवं तेवढं खा, हा नियम मी मनावर घेतला. पैसा वसूल.

निघताना बाई फाटकाबाहेर डोकावून बघत होती. आले नाहीत का हो तुमचे? म्हटलं, ट्रॅफिक. तिनं लांबवर गेलेल्या मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं आणि पीच तोलले.

५ सप्टेंबर

पोट. आज काही लिहीत नाही.

५ सप्टेंबर, दुपारी

पीच हे फळ उगाच डोक्यावर चढवून ठेवलेलं आहे.

६ सप्टेंबर

बरं वाटतंय. संकल्प: रिकाम्या पोटी फळ नाही.

लॉजच्या खोलीत दोन कॉट. मॅनेजर म्हणाला, दुसरी काढून नेऊ का, ऐसपैस होईल. म्हटलं, राहू दे. त्या कॉटवर बॅग ठेवली. बॅगेलाही पाठ टेकायला हवी. सकाळी उठल्यावर समोरच्या कॉटवर काहीतरी आहे असं वाटलं की बरं वाटतं. चष्मा लावायच्या आधी तर फारच.

खोक्यासाठी राखलेले पीच मऊ पडले. मॅनेजरला दिले. त्यानं वास घेतला आणि थँक्यू म्हणाला. प्लॅनमध्ये किरकोळ बदल: खोक्यात फक्त प्लम आणि सफरचंद. पीच हिला तसेही आवडत नसावेत. विचारलं नाही कधी.

८ सप्टेंबर

प्लमची बाग. आज माणसांत रमलो.

रिटायर्ड लोकांचा एक ग्रुप आला होता, बायका-पुरुष सगळे. सारख्याच पिवळ्या टोप्या. फोटो काढता का, म्हणून त्यांनी इतकी माणसं सोडून नेमकं मलाच विचारलं. मी त्यांना उंचीप्रमाणे उभं केलं. सूर्य कुठं, सावली कुठं, सांगितलं. एका जाड गृहस्थांना रिव्हर्समध्ये थोडं थोडं मागं घेतलं, "येऊ द्या, येऊ द्या, बास" असं म्हणत. सगळे खळखळून हसले. थोडक्यात ग्रुपचं नेतृत्व माझ्याकडे आलं.

जेवणाच्या वेळी त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, या ना आमच्यात, डबे भरपूर आहेत. मी म्हटलं, नको, मी एकांतासाठी आलोय. असं लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. दुसऱ्यांदा आग्रह करतील म्हणून तिथंच जरा रेंगाळलो. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. तोवर त्यांनी डबे उघडले होते.

लोकांत आग्रहाची पद्धत राहिली नाही.

मी झाडापलीकडे बसून बिस्किटं खाल्ली. तिथून त्यांचं सगळं ऐकू येत होतं. दोन विनोद तर फारच चांगले होते. मी हसलोसुद्धा.

फोटो त्यांनी पाठवला नाही. नंबर घ्यायचा विसरले असतील. शिवाय त्या फोटोत मी नाहीच, काढणाराच मी.

९ सप्टेंबर

पुन्हा त्याच बागेत. खोक्यासाठी प्लम. पिवळ्या टोप्या पुढं निघून गेल्या.

शिडीवर असताना हिचा फोन. आज रविवार नाही! घाईघाईनं उचलला, पण काही नव्हतं. म्हणाली, "अहो, येता का इकडे दोन-चार दिवस? नात सारखी विचारते, आजोबा कसे दिसतात म्हणून."

तोंडाशी आलं होतं. निघालोच आहे, प्लमच्या झाडावरून बोलतोय. पण इतके दिवस दाबून ठेवलेलं सरप्राइज ऐन वेळी फोडायचं? म्हटलं, बघतो, सध्या कठीण आहे. घर माणसांनी भरलंय. तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, काका, शिडी मोकळी करा हो! कोण ते, म्हणाली. म्हटलं, मित्र. बल्ब बदलतोय.

ही म्हणाली, "बरं. नका करू ओढाताण."

आता बघा कसं रंगेल! नाही म्हणालेला माणूस दारात हजर! हे टायमिंग शिकवून येत नाही.

फोन ठेवल्यावर बराच वेळ शिडीवरच होतो. खालच्या माणसाला पुन्हा ओरडावं लागलं.

११ सप्टेंबर

सफरचंदं. ही बाग मोठी, टेकडीवर चढत गेलेली. मालक म्हणाला, वळवून तोडा, ओढू नका. म्हटलं, गिअरसारखं. तो म्हणाला, मला गाडी येत नाही. खेद वाटला.

फक्त लालबुंद बघून घेतली. तोलताना मालक म्हणाला, अर्धी हिरवी आहेत. झाडाखाली उजेडच तसा होता. पुन्हा गेलो. या वेळी एकेक फळ उन्हात धरून, डोळ्याजवळ नेऊन बघितलं. दिवस त्यात गेला. हिला जरा आंबटसर लागतं, तशी वेगळी. नातीसाठी बारकी, तिच्या मुठीत मावतील अशी. मूठ केवढी असेल याचा अंदाजच करावा लागला. शेवटची बघितली तेव्हा ती झोपली होती आणि मुठी दुपट्यात होत्या. त्या खेपेला जावयाला पार्किंगबद्दल दोन शब्द सांगितले होते, त्यानंतर जाणं झालं नाही. जावई पार्किंगमध्ये अजूनही कच्चाच असणार.

एकेक फळ कागदात गुंडाळलं. खोका सुतळीनं बांधला.

दारात म्हणायचं वाक्य ठरवलं: "इथून जातच होतो." सहज म्हणायचं. आरशासमोर म्हणून पाहिलं. सहज येत नाही अजून. प्रॅक्टिस हवी.

१२ सप्टेंबर, बसमध्ये

खोका मांडीवर. कंडक्टर म्हणाला, वर ठेवा. म्हटलं, नाही. म्हणाला, पाय आखडतील. आखडले. प्लम थोडे पाझरताहेत, पँटला डाग. हरकत नाही, गडद पँट आहे. निदान होती.

"इथून जातच होतो." बरं जमतंय आता. शेजारच्या सीटवरचा माणूस उठून पुढं जाऊन बसला.

१३ सप्टेंबर, बस स्टँडवर

पोहोचलो. व्यवस्थित पोहोचलो. नोंद करून ठेवतो.

लिफ्ट बंद. खोका घेऊन जिने चढलो. दाराला कुलूप. बेल वाजवली तरीही, दोनदा. समोरचं दार उघडलं. शेजारीण, नव्यानं राहायला आलेली असणार, मी तिला पाहिलेलं नव्हतं आणि तिनं मला. खोका बघून म्हणाली, "डिलिव्हरी का? ते नाहीयेत घरात."

मी सांगणारच होतो कोण ते. पण आधी दम घ्यायला हवा होता. तेवढ्यात तिनं पाणी आणलं आणि बोलायलाच लागली. बायका बोलायला लागल्या की मध्ये घुसायला जागा मिळत नाही. म्हणाली, कालच गेले सगळे, परवा येतील. कुठंतरी सफरचंदाची बाग आहे, तिथं स्वतः तोडायची असतात. आजींची फार दिवसांची हौस. आजी म्हणजे ही.

मी विचारलं, अचानक ठरलं का.

म्हणाली, "अहो, आजोबा आहेत त्यांचे तिकडे. आजींनी चार दिवसांपूर्वी मुद्दाम फोन करून बोलावलं होतं त्यांना. ते आले असते तर जायच्या नव्हत्या. पण त्यांना वेळ नाही म्हणे, घरात सारखी माणसं असतात. आजी दिवसभर गप्पच. म्हणून मग मुलीनंच ट्रिप काढली." आणि वर म्हणाली, "असतात हो काही माणसं अशी. घरच्यांसाठीच तेवढा वेळ नसतो."

पाणी गार होतं. सगळं प्यायलो.

मग तिनं विचारलं, कुणाकडून आलंय म्हणून सांगू? पाच-सहा वाक्यं मनात आली. ठरवलेलंही आलं. पण इतकं ऐकून घेतल्यावर आपणच ते आजोबा असं सांगणं म्हणजे त्या बिचारीला किती अवघड झालं असतं! आपण दुसऱ्याचा विचार करावा. म्हटलं, नाव दिलेलं नाही. फक्त डिलिव्हरी.

फळं आहेत, खोका आडवा ठेवू नका, एवढं सांगितलं. ती म्हणाली, या वयात जिने चढून कामं करता, कमाल आहे तुमची. मनापासून म्हणाली.

दोन दिवस थांबता आलं असतं. लॉज आहे समोरच. पण पँटला डाग पडलेत. आणि डिलिव्हरीवाला म्हणून एकदा बघितलेला माणूस आजोबा म्हणून परत कसा येणार? तांत्रिक अडचण आहे.

खोका योग्य पत्त्यावर पोहोचला. दौऱ्याचा तो उद्देश होता, आणि तो पार पडला.

१४ सप्टेंबर

घरी. सगळं जिथल्या तिथं. कुणी आलं-गेलं नाही, म्हणून पसारा नाही. संकल्प: उद्यापासून फिरायला जायचं. ओळखी वाढवायच्या.

१५ सप्टेंबर

पाय दुखतात. उद्यापासून.

१६ सप्टेंबर, संध्याकाळी

हिचा फोन.

आम्ही जरा बाहेर गेलो होतो, म्हणाली. कुठं ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मग म्हणाली, "अहो, इथं कुणीतरी फळांचा खोका देऊन गेलंय. कुणी पाठवला तेच कळेना. जावई म्हणतात ऑफिसमधून असेल. डिलिव्हरीवाला म्हाताराच होता म्हणे. धापा टाकत होता. तुम्ही नाही ना पाठवलात?"

सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. शिडी, बल्ब, कुलूप, पाण्याचा ग्लास. फोनवर एवढं होत नाही. म्हटलं, "मी? मला कुठं वेळ."

"तेच म्हटलं मी जावयांना," ही म्हणाली.

म्हणाली, प्लमांचा लगदा झाला होता, ते टाकले. पण सफरचंदं उत्तम होती, एकेक कागदात गुंडाळलेलं. नातीनं एक बारकं घेतलंय, ते हातातून सोडत नाही, झोपतानासुद्धा. आणि थोडी आंबटसर निघाली, ती हिनं बाजूला काढून ठेवलीत. "कुणी का पाठवली असेनात, बघून बघून घेतलीत हो," म्हणाली.

मी म्हटलं, असेल.

मग ती म्हणाली, "आज घरात कुणाचा आवाज येत नाही तुमच्याकडे."

म्हटलं, आत बसलेत सगळे. मी गॅलरीत आलोय बोलायला.

"जा मग," म्हणाली. "खोळंबले असतील."

फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात होतो. उठून गॅलरीत गेलो आणि अंधार पडेपर्यंत तिथं उभा राहिलो. सांगितल्यापैकी तेवढं तरी खरं असलेलं बरं.